पाइक माशासाठी मासोळीची फ्लाय : बांधणी, निवड आणि खबरदारी

इंग्लंड, आयर्लंड, स्वीडन अशा देशांत नोकरीव्यवसायानिमित्त स्थायिक झालेले आणि तेथील तळ्यांच्या व संथ नद्यांच्या काठी फ्लाय-रॉड हाती धरू लागलेले मराठी वाचक पाइक माशाविषयी जे प्रश्न वारंवार विचारतात, ते तपशिलात निरनिराळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण असते. घरी टेबलावर बांधलेली फ्लाय भरदार आणि देखणी दिसते. पण पाण्यात पडल्यावर ती एक तर चिंध्यांच्या बोळ्यासारखी जड होऊन फेकता येईनाशी होते, नाही तर तिचे सर्व केस एकमेकांस चिकटून मासोळीऐवजी केवळ एक ओली दोरी उरते. दुकानातून महाग सामग्री आणून, छापील कृती पायरी-पायरीने अनुसरूनही असे का व्हावे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सामग्रीच्या किमतीत नसून तिच्या प्रमाणात व मांडणीत आहे.

ज्यांना हा विषय अगदी नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की फ्लाय म्हणजे केस, पिसे आणि धागा यांनी मढविलेला गळ होय. इतर आमिषे स्वतःच्या वजनाने दूर जातात. फ्लाय मात्र जाड, वजनदार लाइनच्या वेगावर वाहून नेली जाते. या एका भेदातून पुढचा जवळजवळ सर्व विचार निघतो.

आधी माशाची रीत

पाइकचे शरीर लांबट असून पाठीवरचा पर अगदी शेपटीजवळ सरकलेला असतो. ही रचना दूरवर पाठलाग करण्यासाठी नसून, निश्चल अवस्थेतून एकाच झेपेत भक्ष्य गाठण्यासाठी आहे. आपल्याकडील तळ्यांत मरळ जशी पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून असते, तसाच पाइक लव्हाळ्यांच्या कडेला, बुडालेल्या झाडाशेजारी किंवा उथळ पाणी संपून खोल पाणी सुरू होते त्या उतारावर थांबलेला असतो. तो बहुधा भक्ष्याला बाजूने, मध्यावर किंवा डोक्याजवळ पकडतो, आणि मग ते फिरवून डोक्याकडून गिळतो.

बांधणाऱ्याने यावरून दोन निर्णय करावेत. पहिला, फ्लायची बाजूने दिसणारी उंची आणि ठळक डोळा यांना महत्त्व द्यावे. वरून दिसणारी रुंदी कमी असली तरी बिघडत नाही, कारण रोच, रड किंवा पर्च हे पाइकचे नेहमीचे भक्ष्य मासेही बाजूने उंच आणि वरून अरुंदच असतात. दुसरा, गळ फ्लायच्या पुढल्या भागात असावा. शेपटी लांब ठेवल्यास मासा नुसती शेपटी ओढून निघून जाईल, ही भीती नवख्यांना फार वाटते. पाइकच्या बाबतीत ती अनाठायी आहे, आणि तिच्यापायी मागे दुसरा गळ जोडण्याची जी युक्ती पुष्कळ जण करतात, तिने माशाच्या तोंडाला विनाकारण इजा मात्र होते.

किती मोठी आणि किती भरीव

पाइक आपल्या लांबीच्या मानाने बरेच मोठे भक्ष्य गिळू शकतो. त्यामुळे एक वीत किंवा त्याहून लांब फ्लाय त्याला मुळीच अवाजवी नाही. पण प्रारंभ करणाऱ्यांनी १५ ते १८ सेंटीमीटर लांबीवर थांबावे. ही लांबी ९ किंवा १० क्रमांकाच्या रॉडने, त्याच क्रमांकाच्या लाइनवर, दिवसभर खांदा न दुखविता फेकता येते. २५ सेंटीमीटरची फ्लाय बांधणे अवघड नसते, ती दुपारपर्यंत फेकीत राहणे अवघड असते.

या लेखातला माझा मुख्य आग्रह पुढीलप्रमाणे आहे. फ्लायला आकारमान हवे, वस्तुमान नको. मासोळीच्या भरीवपणाचा आभास अगदी थोड्या केसांतून निर्माण करता येतो, मात्र ते केस गळाच्या दांडीपासून बाहेर उभे राहिले पाहिजेत आणि त्यांच्यामध्ये पाणी खेळले पाहिजे. जो बांधणारा उंची मिळविण्यासाठी केसांवर केस चढवितो, त्याची फ्लाय कोरडी असताना हलकी वाटते, पण पहिल्याच फेकीनंतर ती पाणी पिऊन कित्येक पटींनी जड होते. आणि आपल्याला फेकायची असते ती ओली फ्लाय, कोरडी नव्हे. सशाच्या कातड्याच्या पट्ट्या पाण्यात अत्यंत मोहक हालतात यात शंका नाही, तथापि कातडे पाणी धरून ठेवते म्हणून लांब फ्लायसाठी त्या पट्ट्या नवख्यांनी टाळाव्यात हे बरे.

कोणता प्रकार निवडावा

बाजारात आणि पुस्तकांत नावांचा सुकाळ आहे. निर्णयापुरते चार प्रकार ध्यानात घेतले तरी पुरे.

- डिसीव्हर. अमेरिकेचे विख्यात मत्स्यशिकारी लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातील स्ट्राइप्ड बास माशासाठी ही फ्लाय सिद्ध केली, आणि १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने फ्लायविषयक तिकिटांत तिला स्थान दिले. मागे पिसांची शेपटी, पुढे हरणाच्या केसांची कॉलर. सामग्री थोडी, बांधणी सोपी, फेकताना फारशी गुंतत नाही. पहिली फ्लाय हीच बांधावी.
- क्लाउझर. बॉब क्लाउझर यांनी १९८७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना नदीवर स्मॉलमाउथ बाससाठी हिची रचना केली. डंबेलच्या आकाराचे जड धातूचे डोळे दांडीच्या एका अंगाला बांधल्यामुळे गळ उलटा, टोक वर करून पोहतो व तळाच्या गवतात कमी अडकतो. खोल पाण्यासाठी आणि हिवाळ्यात सुस्तावलेल्या माशासाठी ही उत्तम. पण मोठ्या आकारात ती फेकणे धोक्याचे होते.
- पोकळ बांधणीची फ्लाय. न्यू जर्सीचे बॉब पॉपोव्हिक्स यांनी ही पद्धत विकसित करून प्रसिद्धीस आणली. केस उलटे बांधून मागे वळवायचे, म्हणजे ते शंकूसारखे उभे राहतात आणि आत पोकळी राहते. थोड्या केसांत मोठा देह मिळविण्याची हीच रीत; तिचा सविस्तर क्रम पुढे दिला आहे.
- सांध्यांची फ्लाय. ब्लेन चॉकलेट यांची गेम चेंजर हे तिचे ठळक उदाहरण. तारेचे छोटे सांधे एकमेकांत अडकवून सबंध देह सळसळता केलेला असतो. परिणाम विलक्षण, पण वेळ आणि खर्च दोन्ही बरेच. हात बसल्याखेरीज हिच्या वाटेस जाऊ नये.

सामग्री निवडताना

व्हाइस, म्हणजे बांधताना गळ धरून ठेवणारी पकड, मजबूत असावी, एवढेच तिच्याविषयी सांगणे पुरेसे आहे. ४/० आकाराचा गळ तिच्यातून सुटता कामा नये. बाकी धाग्याचे रीळ धरणारे बॉबिन, तीक्ष्ण कात्री, बारीक दातांचा कंगवा आणि रिफिल काढलेल्या बॉलपेनची नळी इतकी अवजारे बस्स होतात.

गळ आखूड दांडीचा व रुंद पोटाचा घ्यावा. १५ ते १८ सेंटीमीटरच्या फ्लायसाठी ४/० हा आकार योग्य. टोकाशी असलेला उलटा काटा बांधणीस प्रारंभ करण्यापूर्वीच पक्कडीने दाबून सपाट करावा. काही गळ या दाबाने मोडतात, आणि मोडायचाच असेल तर तासभर खपून फ्लाय पुरी झाल्यावर मोडण्यापेक्षा आधीच मोडलेला बरा. त्यानंतर टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावे. ते घसरले तर कानसीने धार करावी, रुतले तर ठीक.

धाग्यात जेल-स्पन हा प्रकार सर्वांत चिवट, परंतु तो निसरडा असतो आणि जास्त ताणल्यास केसच कापून टाकतो. त्याला मेण चोळावे. सवय होईपर्यंत जाड नायलॉनचा सपाट धागा अधिक सोयीचा.

आता केसांविषयी थोडे सावकाश सांगतो, कारण बहुतेक फ्लाया येथेच बिघडतात. बकटेल म्हणजे अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शेपटी. ती हातात घेऊन तिच्या बुडाकडचा आणि टोकाकडचा असे दोन झुपके वेगळे करून धाग्याने आवळून पाहा. बुडाकडचे केस आतून पोकळ असल्यामुळे धाग्याचा दाब पडताच फुलतात व दांडीपासून कोन करून उभे राहतात; टोकाकडचे केस भरीव असल्यामुळे धाग्याखाली निमूट पडून राहतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण अदलाबदल करून नव्हे. पोकळ बांधणीचा देह बुडाकडच्या केसांनी करावा, शेपटीचा आधार टोकाकडच्या केसांनी. एकाच शेपटीच्या दोन ठिकाणच्या केसांत हा फरक असतो, हे माहीत नसल्याने कित्येकांनी नव्या-नव्या शेपट्या विकत आणल्या आणि दोष मात्र तोच राहिला.

शेपटी विकत घेताना लांब, सरळ, टोके न तुटलेले केस पाहावेत. कुरळे केसही चालतात, किंबहुना ते देहाला उभारी देतात. कातड्यास दुर्गंधी किंवा तेलकटपणा असेल तर ती घेऊ नये.

कृत्रिम तंतूंचे पुष्कळ प्रकार मिळतात. ते पाणी शोषून घेत नाहीत, हवी तितकी लांबी देतात आणि अतिशय हलके असतात, म्हणून फार मोठ्या फ्लायसाठी त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र ते स्वतःहून निमुळते होत नाहीत. कात्री आडवी न धरता उभी धरून त्यांची टोके विरळ करावी लागतात, अन्यथा फ्लायची शेपटी झाडूच्या कडेसारखी सरळ कापलेली दिसते. नैसर्गिक केसांना हा निमुळतेपणा जन्मतःच असतो, आणि माझी पसंती त्यांनाच आहे.

बांधणीचा क्रम

पुढील क्रम डिसीव्हरची शेपटी आणि पोकळ देह यांचा मेळ घालणारा आहे.

१. गळ व्हाइसमध्ये पक्का करून दांडीच्या मध्यापासून वळणापर्यंत धाग्याचे घट्ट वेढे द्यावेत. नुसत्या धातूवर केस बांधू नयेत; ते फिरतात.

२. टोकाकडच्या केसांचा एक विरळ झुपका वळणाच्या वर बांधावा. पुढे येणारी पिसे गळाभोवती गुंडाळली जाऊ नयेत म्हणून हा आधार आहे. घाईत वगळली जाणारी हीच पायरी. आणि फेकताना शेपटी गळात अडकण्याची जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिचे मूळही बहुधा येथेच असते.

३. कोंबड्याच्या पाठीवरची लांब पिसे चार किंवा सहा घ्यावीत, निम्मी एका बाजूस, निम्मी दुसऱ्या बाजूस, त्यांचे बाक एकमेकांकडे वळलेले. पिसाच्या दांड्याच्या बुडाशी असलेला कापसासारखा भाग काढून टाकावा आणि पिसे उभ्या पातळीत राहतील अशी बांधावीत. ती एकदा तिरपी बसली, की फ्लाय पाण्यात गोल फिरते आणि लाइनला पीळ पडतो.

४. दोन्ही बाजूंना चकाकीच्या तंतूंचे मोजके धागे लावावेत, लांबी कमी-अधिक ठेवून. सहा ते दहा पुष्कळ झाले.

५. आता पोकळ देह. बुडाकडचा केसांचा झुपका कापावा. दाबून धरल्यावर त्याची जाडी पेन्सिलीपेक्षा कमीच भरली पाहिजे. कंगव्याने आतली लव आणि आखूड केस काढून टाकावेत. टोके मात्र एका रेषेत आणण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यांच्या कमी-जास्त लांबीनेच देह निमुळता होतो.

६. हा झुपका उलटा धरावा, म्हणजे केसांची टोके गळाच्या नेढ्याच्या पुढे, बाहेर जातील आणि कापलेली बुडे मागे राहतील. दोन सैल वेढे द्यावेत, आणि धागा हळूहळू आवळताना अंगठ्याने केस दाबून दांडीभोवती सगळीकडे पसरू द्यावेत. खाली एखादी फट राहिली तर तेथे चार केस वेगळे बांधावेत. बुडे कापून वेढ्यांनी झाकावीत.

७. धागा केसांच्या पुढे आणावा. बॉलपेनची नळी नेढ्यावरून सरकवून सगळे केस एकदम मागे लोटावेत, आणि मागे लोटलेल्या केसांच्या अगदी पायथ्याशी धाग्याचा छोटा बांध घालावा. केसांना पुन्हा पुढे यायचे असते आणि बांध त्यांना येऊ देत नाही. या ओढाताणीतूनच तो शंकू उभा राहतो. बांध केसांवर चढविला तर ते आडवे पडतात आणि सगळा हेतू फसतो. म्हणून वेढे केसांच्या पुढे द्यावेत, वर नव्हे.

८. हीच कृती नेढ्याच्या दिशेने आणखी दोनदा करावी. पहिला झुपका आखूड, पुढचे क्रमाने लांब, म्हणजे प्रत्येकाची टोके आधीच्या झुपक्याला झाकीत शेपटीत विरून जातात. शेवटच्या झुपक्यात रंगाची विभागणी करता येते. फिकट केस सभोवार, गडद केसांचा थोडासा थर फक्त पाठीवर.

९. नेढ्यामागे काही जागा मोकळी राहिलीच पाहिजे. तेथे धाग्याचे छोटे डोके करून व्हिप फिनिशची, म्हणजे धाग्याचे टोक वेढ्यांखाली दाबून पक्के करणारी, गाठ दोनदा मारावी.

१०. डोळे ८ ते १२ मिलीमीटरचे, दोन्ही बाजूंना समोरासमोर चिकटवावेत आणि त्यांच्यामधली पोकळी यूव्ही रेझिनने भरावी. हे रेझिन त्वचेस लागू देऊ नये, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि त्याच्या दिव्याकडे थेट पाहू नये. रेझिन गळाच्या पोटात उतरले तर टोक आणि दांडी यांमधले अंतर अडते, आणि मग मासा तोंडात घेऊनही गळ लागत नाही.

पाण्यातली परीक्षा

फ्लाय बांधून झाली, की ती थेट तळ्यावर नेऊ नये. अंघोळीच्या टबात किंवा मोठ्या बादलीत तिला पूर्ण भिजवावे, बोटांनी दाबून आतली हवा काढावी आणि हातभर लाइनला बांधून पाण्यातून ओढावे. ओढ थांबताच देह पुन्हा फुलतो का, शेपटी डुलते का, फ्लाय एका अंगावर कलते का, हे पाहावे. मग ती बाहेर काढून लोंबती धरावी. पाणी झरझर निथळले तर बांधणी साधली. मिनिटभर थेंब गळत राहिले तर केस जास्त झाले आहेत असे खुशाल समजावे, आणि कात्री घेऊन आतले काही केस मुळाशी विरळ करावेत. बाहेरून कापू नये.

कलणारी फ्लाय पोटाकडे थोडे वजन देऊन सावरता येते. ते वजन पितळेचे किंवा टंगस्टनचे असावे. शिशाचे लहान मणी गिळल्याने राजहंस मोठ्या संख्येने मरू लागले, म्हणून इंग्लंडमध्ये मासेमारीच्या शिशाच्या लहान वजनांवर १९८७ पासून बंदी आली. फ्लायमध्येही ते विष आपण होऊन पाण्यात का न्यावे?

रंगाचा प्रश्न

या प्रश्नावर वाचक जितका विचार करतात, तितका त्याचा अधिकार नाही. स्वच्छ पाण्यात पांढरे पोट व करडी-हिरवट पाठ, म्हणजे रोच. किंवा शेवाळी देहावर गडद उभे पट्टे आणि नारिंगी पर, म्हणजे पर्च. गढूळ पाण्यात झगझगीत पोपटी-पिवळा किंवा नारिंगी, आणि ढगाळ सायंकाळी काळा. तीन फ्लायांत वर्ष निभावते.

पोलादी तारेविना गळ टाकू नये

या बाबतीत तडजोडीस जागा नाही. पाइकच्या खालच्या जबड्यात सुऱ्यांसारखे दात असतात आणि टाळूवर मागे वळलेल्या बारीक दातांच्या रांगा. साधे नायलॉन त्यांच्यापुढे क्षणभरही टिकत नाही, आणि जाड फ्लुरोकार्बनवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. तुटलेली फ्लाय घेऊन गेलेल्या माशाच्या घशात तो गळ राहतो. म्हणून ३० ते ४५ सेंटीमीटर लांबीची, गाठ मारता येईल अशी मऊ पोलादी तार, निदान २० पौंड ताकदीची, फ्लायच्या पुढे असलीच पाहिजे. आणि तिला मुरड पडली की ती बदलावी.

परवाने, कायदे आणि आपले हक्क

- इंग्लंड व वेल्स. वय १३ किंवा अधिक असणाऱ्या प्रत्येकाला रॉड परवाना आवश्यक आहे. १३ ते १६ वयाच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो, पण काढावा लागतोच. सरकारी परवाना म्हणजे पाण्याच्या मालकाची मुभा नव्हे. क्लबचे किंवा मालकाचे तिकीट वेगळे घ्यावे. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा काळ पाइकसाठी बंद असतो.
- स्कॉटलंड. पाइकसाठी सरकारी रॉड परवाना नाही. जागेच्या हक्कदाराची परवानगी मात्र हवीच.
- आयर्लंडचे प्रजासत्ताक. पाइकसाठी सरकारी परवाना लागत नाही, परंतु ५० सेंटीमीटरहून मोठा पाइक मारण्यास मनाई आहे, आणि त्याहून लहान असा दिवसाला एकच ठेवता येतो. जिवंत मासा आमिष म्हणून वापरणेही निषिद्ध आहे.
- स्वीडन. समुद्रकिनाऱ्यावर आणि व्हेनर्न, व्हेटर्न, मेलारेन, येल्मारेन व स्टूरशॉन या पाच मोठ्या सरोवरांत हातातल्या गळाने मासेमारी सर्वांस खुली आहे; इतरत्र स्थानिक परवाना घ्यावा.

नियम बदलत असतात. हंगामाच्या प्रारंभी संबंधित खात्याची चालू नियमावली एकदा वाचावी.

दूरविक्रीने सामग्री मागविणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात अशा खरेदीनंतर माल हाती आल्यापासून १४ दिवसांच्या आत कारण न देता तो परत करण्याचा हक्क ग्राहकास सामान्यतः असतो. ब्रिटनमध्ये सदोष माल ३० दिवसांच्या आत नाकारून पूर्ण रक्कम मागता येते. चित्रात लांब केसांची शेपटी दाखवून प्रत्यक्षात आखूड, तुटक केसांची पाठविली गेली, तर गप्प बसू नये. पावती व छायाचित्र ठेवून लेखी तक्रार करावी. देशाबाहेरून केस-पिसे मागविताना जकात खात्याचे आणि प्राणिज पदार्थांच्या आयातीचे नियम वेगळे लागू होतात, त्यांची चौकशी ऑर्डर देण्यापूर्वीच झालेली बरी.

मायदेशी जाऊन येणाऱ्या वाचकांस एक विशेष सूचना करणे मला अगत्याचे वाटते. मोरपिसाचे तंतू मासोळीच्या हिरव्या पाठीसाठी वापरले जातात, आणि गावाकडे गळून पडलेली मोरपिसे सहज मिळतात. पण ती भारताबाहेर नेण्यास बंदी आहे. तसेच आपल्या सह्याद्रीच्या रानांतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात, आणि गेल्या शतकात ब्रिटनमधील सामन माशाच्या फ्लायांवर डोळा म्हणून त्या पिसांना फार मोठी मागणी होती. आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. कोणी नातेवाइकाने प्रेमाने आणून दिली तरी ती पिसे स्वीकारू नयेत; ब्रिटनमध्ये पैदास केलेल्या पक्ष्यांची पिसे रीतसर विकत मिळतात, आणि पाइकच्या फ्लायला तर साधा चिकट डोळाच पुरतो. जुन्या संग्रहांतून ध्रुवीय अस्वलाचे केस विक्रीस येतात, त्यांच्या बाबतीतही आंतरराष्ट्रीय निर्बंधांची कागदपत्रे पाहिल्याविना व्यवहार करू नये.

मासा हाती आल्यावर

पाइक दिसायला उग्र, पण हाताळणीच्या बाबतीत नाजूक मासा आहे. पुढील वस्तू जवळ नसतील तर त्या दिवशी गळ टाकूच नये :

- गाठी नसलेल्या, रबराचा लेप दिलेल्या जाळीचे मोठे जाळे;
- ओली करून जमिनीवर अंथरायची गादी;
- निदान २५ सेंटीमीटर लांब चिमटा;
- गळ कापता येईल अशी मजबूत कटर.

मासा शक्यतो जाळ्यात, पाण्यातच ठेवावा. हात ओले करून, हनुवटीच्या बाजूने कल्ल्याच्या झाकणाखाली बोटे अलगद सरकवावीत, लाल कल्ल्यांना मात्र स्पर्श होऊ देऊ नये. मग जबडा आपोआप उघडतो. काटा दाबलेला असला तर चिमट्याच्या एका उलट्या झटक्याने गळ निघतो. खोल गेला असल्यास झटापट न करता कटरने तो कापावा. गळ पुन्हा मिळतो. छायाचित्र काढायचे असेल तर कॅमेरा आधी सज्ज ठेवावा, मासा आडवा धरावा, त्याला उभा लोंबकळवू नये. सोडताना त्याला पाण्यात सरळ धरून, तो स्वतः शेपटी हलवून निघून जाईपर्यंत थांबावे.

उन्हाळ्यात पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पाइकची मासेमारी थांबवावी. ऊन पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि झुंजीने थकलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरण्याचा संभव असतो. वसंतात तो उथळ गवताळ पाण्यात अंडी घालण्यास येतो, तेव्हाही, कायद्याने मुभा असली तरी, त्याच्या वाटेस जाऊ नये.

फ्लाया जपण्याविषयी

ओली फ्लाय डबीत बंद केली तर रात्रीतून गळ गंजतो आणि गंजाचा डाग पांढऱ्या केसांवरून निघत नाही. घरी आल्यावर ती नळाखाली धुवावी, केस कंगव्याने मागे विंचरावेत आणि नेढ्यात दोरा ओवून शेपटी खाली करून टांगावी, म्हणजे वाळताना देह आपला आकार धरतो. उरलेल्या बकटेल आणि पिसांच्या पिशव्यांत कसर लागते. नवी शेपटी जुन्यांत मिसळण्यापूर्वी घट्ट पिशवीत घालून काही आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावी. बांधणीच्या टेबलाखाली सांडलेले केस आणि गळ मात्र उठण्यापूर्वीच वेचून घ्यावेत, विशेषतः घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर.